अहवालावरचा आकडा वाचणार कोण?

मीरा-भाईंदरमधल्या कोणत्याही रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेबाहेर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. अहवालाचा कागद हाती पडतो तो आजोबांच्या किंवा आईच्या. पण वाचायला जातो तो सोबतच्या सातवी-आठवीतल्या मुलाकडे. कारण कागद इंग्रजीत असतो. मूल वाचते, "फास्टिंग एकशे ब्याऐंशी. पुढे एच लिहिलंय." "एच म्हणजे काय रे?" "हाय. म्हणजे जास्त." इथे वाचन संपते आणि कागद घडी होऊन पिशवीत जातो.

हे मूल आपल्या वर्गातले आहे. म्हणूनच मधुमेहाविषयी डॉक्टरांनी लिहायचे ते सोडून, शिक्षकांशी बोलावे अशा काही गोष्टी आम्ही इथे मांडत आहोत.

मीरा-भाईंदरमध्ये भाषांची कमतरता नाही. उत्तनचे कोळी, जुने आगरी, मुंबईत घर परवडेना म्हणून पश्चिम रेल्वेच्या कडेकडेने सरकत आलेली मराठी कुटुंबे, भाईंदरचे गुजराती-मारवाडी व्यापारी, मीरा रोडच्या नया नगरातली उर्दू बोलणारी घरे, उत्तरेकडून आलेले कामगार. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. घराघरांत भाषा निरनिराळी, पण अहवाल, औषधाचे खोके आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांची भाषा मात्र एकच, आणि ती बहुतेक घरांत कोणाचीच नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभरातील १,१३,०४३ व्यक्तींची पाहणी करून २०२३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि शहरांत त्याचे प्रमाण खेड्यांपेक्षा बरेच जास्त आहे. एवढ्या लोकांना रोज स्वतःच स्वतःची शुश्रूषा करावी लागते. न्यूमोनियात रुग्ण निजून राहतो आणि बाकीचे डॉक्टर पाहतात. मधुमेहात डॉक्टरांची भेट तीन महिन्यांतून दहा मिनिटांची. उरलेला सगळा काळ काय खायचे, गोळी कधी घ्यायची, चक्कर आली तर काय करायचे, हे रुग्णच ठरवतो. त्यासाठी लागणाऱ्या समजेला 'आरोग्य-साक्षरता' म्हणतात. स्कॉट सायमंड्स यांनी १९७४ साली ही संज्ञा प्रथम वापरली. गंमत अशी, की तेव्हाही त्यांचा रोख शाळांकडे होता. आरोग्याचे किमान ज्ञान शाळेने द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

बादलीभर पाणी, चमचाभर साखर

१८२ या आकड्याकडे परत जाऊ. हा आकडा १८२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असा आहे, आणि डेसिलिटर म्हणजे शंभर मिलिलिटर. वर्गात एक प्रयोग करण्याजोगा आहे. बादलीत पाच लिटर पाणी मोजून घ्या. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण तेवढे रक्त असते. त्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम साखर विरघळवा. दर लिटरला एक ग्रॅम, म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम झाली. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी एवढीच साखर असते. चव घेऊन पाहा, बहुतेकांना ते पाणी गोड लागणारच नाही. आता आणखी एक चमचा टाका. झाली २००. म्हणजे १८२ हा आकडा दोन चमच्यांच्या आतला. निरोगी आणि आजारी रक्तातला फरक हा असा चमच्याचा आहे, आणि तो जिभेला किंवा अंगाला कळत नाही.

विद्यार्थी लगेच विचारतील: ताटभर भात खाल्ला तर? पाऊणशे ग्रॅम तांदळाच्या भातात सुमारे ५८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि पचल्यावर त्यांची साखरच होते. म्हणजे अकरा-बारा चमचे! तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली साखर दोन तासांत जवळपास मूळ पदावर येते. कारण स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे संप्रेरक ती साखर स्नायूंच्या पेशींत आणि यकृतात साठवायला लावते. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते, किंवा असूनही त्याचा पुरेसा परिणाम होत नाही.

इथेच एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. "रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतले नाही, तरी सकाळी १८२ कशी?" पुष्कळ लोक यावरून प्रयोगशाळाच चुकीची ठरवतात. पण आपण झोपलेले असताना मेंदूला साखर लागतच असते, आणि ती यकृत आपल्या साठ्यातून रक्तात सोडत असते. निरोगी माणसात इन्सुलिन यकृताला आवर घालते. मधुमेहात हा आवर सैल होतो आणि यकृत रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर सोडत राहते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर दोनदा आढळली, की मधुमेह आहे असे मानतात.

'लघवीला मुंग्या लागत नाहीत, म्हणजे साखर नाही' ही समजूतही तपासून पाहावी. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती बाहेर सोडत नाही. मुंग्या येतात त्या उशिरा.

अहवालावरची 'पी. पी.' म्हणजे जेवणानंतरची साखर. ती दोन तासांनी मोजायची. पण दोन तास कधीपासून? पहिल्या घासापासून. हे कोणी सांगत नाही. मग कोणी हात धुतल्यापासून मोजतो, कोणी प्रयोगशाळेत पोचल्यापासून. आणखी एक घोटाळा परदेशातून येतो. ब्रिटन-कॅनडातल्या नातेवाइकाने आणलेला ग्लुकोमीटर मिलिमोल प्रति लिटर या एककात आकडा दाखवतो. त्याला १८ ने गुणले, की आपला आकडा मिळतो. त्यावरचे ७.८ म्हणजे आपले १४०. एकक लिहिल्याशिवाय उत्तराला गुण नाहीत, असे आपण भौतिकशास्त्राच्या तासाला बजावतो. त्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

एक दिवसाची तपासणी आणि हजेरीपट

शाळेत अधिकारी येणार असले, की त्या दिवशी पट भरलेला असतो. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करणारे लोक नेमके हेच करतात. त्या दिवसाचा आकडा चांगला येतो. खरी गोष्ट कळते ती हजेरीपट उघडल्यावर. रक्ताचाही असा हजेरीपट असतो. लोक त्याला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात, अहवालावर 'एचबीए-वन-सी' असे लिहिलेले असते.

त्यामागचे रसायनशास्त्र साधे आहे. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर आपोआप चिकटते आणि सहसा सुटत नाही. जितकी साखर जास्त, तितके जास्त हिमोग्लोबिन 'साखरलेले'. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे शेकडा किती हिमोग्लोबिन साखरलेले आहे यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते; त्यातही शेवटच्या महिन्याचे वजन जास्त. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, ९ टक्के म्हणजे सुमारे २१२. मात्र या हजेरीपटालाही मर्यादा आहे. लोहाची कमतरता असेल तर आकडा थोडा फुगतो, आणि सिकलसेलसारख्या आजारात पेशी लवकर मरतात म्हणून तो फसवा कमी येतो. पंडुरोग असलेल्या बाईच्या अहवालात हा आकडा वाचताना तिचे हिमोग्लोबिनही पाहावे लागते.

एका टक्क्याने काय होते? ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. एका गटाची ही सरासरी ७.९ होती, दुसऱ्याची ७.०. दुसऱ्या गटात डोळे आणि मूत्रपिंडे यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार एकूण २५ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही गटांतल्या माणसांना रोजच्या जगण्यात फरक जाणवला नसेल. तो जाणवतो दहा वर्षांनी, पडदा धूसर होऊ लागल्यावर.

गोड बंद, पण साबुदाणा चालू

मधुमेहाच्या बहुतेक पत्रकांत पहिली ओळ 'गोड टाळा' अशी असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि अपुऱ्या वाक्याचा अर्थ लोक आपापल्या परीने पूर्ण करतात. साखर सोडून गूळ घेतात, जो बहुतांशी साखरच असतो. भात सोडून पाच पोळ्या खातात. 'भाकरी चालते' असे ऐकले, की किती चालते हे विचारायचे राहून जाते. तांदूळ, गहू, ज्वारी, सगळ्यांत शंभर ग्रॅममागे साधारण ६५ ते ८० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. ज्वारीत तंतू जास्त, त्यामुळे साखर सावकाश चढते, एवढाच तिचा फायदा. पण चढते नक्की. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. एकादशीला खिचडी खाऊन संध्याकाळी साखर का वाढली, म्हणून चकित होणारे कितीतरी लोक भेटतात.

पत्रकांवरच्या चित्रांत ब्रोकोली आणि स्ट्रॉबेरी असतात. ज्या घरात बांगडा, भात आणि नाचणीची भाकरी शिजते, त्या घराने त्यावरून काय बोध घ्यायचा, हे पत्रक छापणाऱ्यांनाच ठाऊक.

'आमच्याकडे कोणी जाड नाही, आम्हाला कशी होईल शुगर?' हाही नेहमीचा प्रश्न. याचे उत्तर पुण्यातच सापडले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपल्या दोघांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि ती बरीचशी पोटाशी असते. याज्ञिकांच्या पुणे जिल्ह्यातल्या अभ्यासात तर नवजात बालकांतही ही प्रवृत्ती दिसली. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकाच कंबरेचा टेपही उपयोगी.

लाल टोपण, नारिंगी टोपण

गणिताच्या शिक्षकांनी हा भाग जरूर वाचावा. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर या तीव्रतेचे असते, तर पेनमधले १०० युनिट प्रति मिलिलिटर. दोन्हींसाठी सिरिंज वेगळी: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. सिरिंजवरच्या खुणा मिलिलिटरच्या नसून युनिटच्या असतात, म्हणजे ती खूण एका ठरावीक तीव्रतेसाठीच खरी असते.

समजा डॉक्टरांनी १० युनिट सांगितले. लाल सिरिंजवर १० ची खूण म्हणजे पाव मिलिलिटर. ४० च्या बाटलीतून तेवढे घेतले तर बरोबर १० युनिट मिळतात. दुकानदाराने चुकून नारिंगी सिरिंज दिली तर? तिच्यावर १० ची खूण ०.१ मिलिलिटरला असते. त्यात ४० च्या बाटलीतले फक्त ४ युनिट येतील. साखर चढत राहील, आणि 'इन्सुलिन लागू पडत नाही' अशी तक्रार होईल. आता उलटे करू. पेन बिघडले म्हणून कोणी त्यातले १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर पाव मिलिलिटरमध्ये २५ युनिट येतात. अडीचपट! एवढ्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. अमेरिकेने आणि ब्रिटनने अनुक्रमे १९७० आणि १९८० च्या दशकांपासून बहुतेक इन्सुलिन १०० वर आणून हा गोंधळ मिटवला. आपल्याकडे दोन्ही तीव्रता शेजारी शेजारी नांदतात. समप्रमाणाच्या धड्यात आपण मजूर आणि दिवस यांची उदाहरणे घालतो. त्यांच्या जोडीला हे एक घालावे.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोठले किंवा तापले की बिघडते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही. वापरातली बाटली साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी चालते. फ्रीज नसेल तर माठाच्या पाण्यात तरंगणाऱ्या डब्यात ठेवतात. यात मात्र भूगोल आडवा येतो. माठ गार होतो तो बाष्पीभवनाने, आणि खाडीकाठच्या भाईंदरात दमट हवेत ते मंद असते. विदर्भातला माठ मे महिन्यात जेवढा गारवा देतो, तेवढा इथला देत नाही.

समजले का?

रुग्णाला शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे, ही कल्पना इन्सुलिनइतकीच जुनी आहे. बॉस्टनचे एलियट जोस्लिन यांनी रुग्णांसाठी पुस्तिका लिहिली ती १९१८ साली, इन्सुलिनच्याही आधी. पोर्तुगालच्या अर्नेस्टो रोमा यांनी १९२६ साली लिस्बनमध्ये गरीब मधुमेहींची संघटना काढली. तिथे इन्सुलिन मिळे आणि ते कसे वापरायचे याचे शिक्षणही मिळे. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक रुग्णालयात डॉ. लिओना मिलर यांनी गरीब रुग्णांना शिकवण्याची आणि अडचणीला दूरध्वनी करण्याची सोय केली. १९७२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अनुभवानुसार मधुमेहाने बेशुद्ध होण्याच्या घटना सुमारे दोन-तृतीयांशांनी घटल्या. नवे औषध कोणतेच नव्हते.

शिकवले म्हणजे समजले असे नाही, हे शिक्षकांना सांगायला नको. सॅन फ्रान्सिस्कोत डीन शिलिंजर यांच्या गटाने डॉक्टर-रुग्णांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्के गोष्टी रुग्णाला कळल्या की नाही, हे त्यांनी विचारून पाहिले होते. जिथे विचारले गेले, तिथल्या रुग्णांचा 'हजेरीपट' सरासरीपेक्षा चांगला असण्याची शक्यता अधिक होती. हे २००३ साली प्रसिद्ध झाले.

"समजले का?" या प्रश्नाला वर्गात काय उत्तर येते? "हो बाई!" दवाखान्यातही तेच. त्याऐवजी विचारावे, "घरी गेल्यावर सूनबाईंना ही गोळी कशी घ्यायची ते कसे सांगाल?" मग कळते, की चिठ्ठीवरचे १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे माहीतच नव्हते. आमच्या परिचयाच्या एका आजींनी तो 'एकशे एक' असा वाचला होता.

लोकल, रोजा आणि मिठागर

ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यामुळे साखर जास्त उतरू शकते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, मग बोलणे असंबद्ध होते. भाईंदरहून चर्चगेटला जाणारा माणूस सकाळी गोळी घेतो, न्याहारी ऑफिसात करू म्हणतो, आणि गर्दीत उभ्या उभ्या तासभर उपाशी जातो. बोरिवलीपुढे तो घामाघूम होऊन अडखळू लागला, तर डब्यातल्यांना तो दारू प्यालेला वाटतो. उपाय खिशात मावतो: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड, पंधरा मिनिटे वाट, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि नंतर खाणे. चॉकलेट यासाठी चांगले नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा शोषली जाते. 'शुगर-फ्री' पेयाचा तर काहीच उपयोग नाही.

रमजानचा रोजा किंवा जैन घरांतला चोविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या लागतात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक मुस्लिम धर्मपंडितांचे मत आहे. हे माहीत नसल्यामुळे दिवसभर तपासणी टाळणारे आहेत. साखर ७० च्या खाली गेली तर मात्र उपवास सोडायलाच हवा.

आणि पाय. भाईंदरच्या मिठागरांत अनवाणी काम करणाऱ्याच्या पायाला चीर पडली, तर खारे पाणी झोंबते आणि तो सावध होतो. मधुमेहाने चेता बधिर झाल्या, की झोंबणेच बंद होते. जखम चिघळते आणि कळत नाही. यासाठी इंग्लंडातल्या इप्सविच गावी २०११ च्या सुमारास एक सोपी चाचणी तयार झाली. डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा, दाबायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय धोक्यात आहे, डॉक्टरांना दाखवावा. सातवीतले मूल आजोबांची ही चाचणी सहज करू शकते.

वर्गातला मधुमेही

आता त्या मुलाविषयी, ज्याला स्वतःलाच मधुमेह आहे. मुलांत बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही; आईने लाड केले म्हणूनही नाही. 'शुगरवाला' असे चिडवणे वर्गात सुरू झाले, की मूल इंजेक्शन लपवू लागते, आणि लपवलेले इंजेक्शन बहुधा चुकलेले इंजेक्शन असते.

अशा मुलाला लघवीला आणि पाण्याला परवानगी न मागता जाऊ द्यावे. कवायतीच्या तासाआधी खाऊ द्यावे. एरवी शांत असलेले मूल अचानक चिडले, गळाले, पाटीकडे नुसते पाहत बसले, तर रागावण्याआधी साखर द्यावी. साखर वाढलेलीच असली तरी तीन चमच्यांनी फारसे बिघडत नाही, पण उतरलेली असताना उशीर केला तर बिघडते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि तडक रुग्णालयात न्यावे. अशा मुलाला एकटे घरी पाठवू नये आणि पाण्याच्या टाकीपर्यंतही एकटे सोडू नये.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, केळे किंवा सफरचंदासारखे फळ, थोडा खाऊ आणि पाण्याची लहान बाटली नेण्याची मुभा दिली. कोणत्याही मंडळाच्या शाळेत मुख्याध्यापकांना ही व्यवस्था पहिल्या घटक चाचणीपासून करता येते. पर्यवेक्षकाला आधी सांगून ठेवायचे, एवढेच काम.